वीज तारेवर पडते की तारेजवळ?

१९३० साली अमेरिकेतल्या ‘इलेक्ट्रिक जर्नल’ या मासिकात चार्ल्स फोर्टेस्क्यू यांचा एक लेख आला. फोर्टेस्क्यू वेस्टिंगहाउस कंपनीत अभियंते होते. कॅनडात हडसनच्या उपसागराकाठी, कातड्यांच्या व्यापाराच्या एका ठाण्यावर त्यांचा जन्म झाला. थ्री-फेज यंत्रणेतल्या बिघाडांचं गणित सोपं करणारी त्यांची १९१८ची पद्धत आजही इलेक्ट्रिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. या लेखात त्यांनी एकच मुद्दा लावून धरला होता. उच्च दाबाच्या वाहिन्या बंद पडतात, त्या मुख्यतः विजेचा लोळ थेट तारेवर किंवा टॉवरवर पडल्याने. आसपास पडलेल्या विजेच्या नुसत्या प्रभावाने एवढं मोठं व्होल्टेज चढत नाही.

आज हे वाचून कुणालाही वाटेल की यात सांगण्यासारखं काय आहे. पण त्याआधीची वीस-बावीस वर्षं अभियंते नेमकं उलटं मानत होते आणि त्याच समजुतीवर मैलोन्‌मैल वाहिन्या उभ्या राहिल्या होत्या.

ती समजूत अशी होती. ढगाच्या तळाशी ऋण प्रभार साठतो. त्याच्या ओढीने खालच्या लांबलचक तारेवर धन प्रभार गोळा होतो आणि ढग डोक्यावर आहे तोवर तिथेच अडकून राहतो. ढग दुसरीकडे कुठेतरी, शेतात किंवा टेकडीवर, रिता झाला की तारेवरचा प्रभार एकदम मोकळा होतो आणि दोन्ही दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत सुटतो. १९०८ साली जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी या कल्पनेला गणिताचा आधार दिला. ती टिकून राहण्यामागे व्यवहाराचंही कारण होतं. थेट लोळ तारेवर पडला तर माणसाच्या हातात काही नाही, असं सगळे धरून चालले होते. हिशेब करून पाहिला तर ती हतबलता पटते. लोळातून दहा हजार अँपिअर आले असं धरू. ते तारेत शिरताना दोन्ही बाजूंना निम्मे निम्मे वाटले जातात. धावत्या लाटेला उघड्यावरची तार साधारण ४०० ओहमचा विरोध करते. पाच हजार गुणिले चारशे, म्हणजे वीस लाख व्होल्ट. त्या काळच्या एक लाख दहा हजार व्होल्टच्या वाहिनीवरची चिनीमातीच्या इन्सुलेटरांची डिस्कमाळ याच्या तिसऱ्या हिश्श्यालाच हात टेकत असे. जे सोसवणारच नाही, त्याचा विचार आराखड्यात कशाला करायचा?

तारेवरून लाट कशी धावते, हे मात्र तोवर नीट कळलेलं होतं. त्याचं श्रेय इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइड यांचं. सोळाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. काही वर्षं त्यांनी तारायंत्रावर काम केलं आणि मग घरी बसून, कुठल्याही विद्यापीठाच्या आधाराशिवाय, १८८०च्या दशकात त्यांनी तारायंत्राच्या तारांची समीकरणं लिहिली. वीज पडल्यावर वाहिनीत काय होतं हे शोधणारा प्रत्येक माणूस आजही तिथूनच सुरुवात करतो. त्या समीकरणांतून निघणारी एक गोष्ट लाइनवरच्या प्रत्येक अभियंत्याला पाठ असते. लाट तारेच्या मोकळ्या टोकाला पोहोचली की मागे फिरते, आणि त्या टोकाशी व्होल्टेज दुप्पट होतं. उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरचा बळी जातो तो याच ठिकाणी.

समीकरणं होती, पण त्यात घालायला आकडे नव्हते. लोळातून किती प्रवाह येतो? तो किती वेळात शिगेला पोहोचतो?

१९२०च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यात मोहॉक नदीकाठच्या एका लाकडी झोपडीवर वीज पडली. झोपडी चार्ल्स स्टाइनमेट्झ यांची होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा हा गणिती तेव्हा अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला विद्युत अभियंता होता. आतला आरसा फुटून त्याचे तुकडे खोलीभर उडाले होते. स्टाइनमेट्झ यांनी ते वेचले, एकेक जुळवून आरसा पुन्हा मांडला आणि काचेच्या मागच्या चंदेरी थरावरून प्रवाह कसकसा गेला असेल याचा माग काढला. दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत त्यांनी १,२०,००० व्होल्ट आणि १०,००० अँपिअरची कृत्रिम वीज कडाडवून दाखवली. लाकडाचे ओंडके तिने फोडले. वर्तमानपत्रांनी हा चमत्कार उचलून धरला, पण वाहिन्यांच्या दृष्टीने त्याचं मोल वेगळं होतं. इन्सुलेटर किती व्होल्टला आणि किती वेळात हार मानतो, हे आता पावसाळ्याची वाट न पाहता तपासता येणार होतं. स्टाइनमेट्झ १९२३ मध्ये गेले. त्यांच्याच कंपनीतले फ्रँक पीक यांनी ते काम लाखो व्होल्टपर्यंत नेलं. जर्मनीत एर्विन मार्क्स यांनी याच सुमारास अनेक कपॅसिटर समांतर भरायचे आणि ठिणग्यांच्या फटींमधून एका ओळीत रिते करायचे, ही जोडणी मांडली. जगातल्या बहुतेक उच्चदाब प्रयोगशाळांत आजही तीच उभी दिसते.

खऱ्या वाहिनीवर, खऱ्या वादळात काय होतं, हे मोजणं त्याहून अवघड. १९२४ मध्ये वेस्टिंगहाउसचे जे. एफ. पीटर्स यांनी क्लायडोनोग्राफ नावाचं उपकरण केलं. लिश्टेनबर्ग या जर्मन पदार्थवैज्ञानिकाला १७७७ साली धुळीत उमटलेल्या ठिणगीच्या नक्ष्या दिसल्या होत्या. पीटर्स यांनी त्याच फोटोच्या प्लेटवर उमटवल्या. तारेवरून लाट गेली की प्लेटवर चांदणीसारखी आकृती उठे. तिच्या त्रिज्येवरून व्होल्टेज कळे, आणि नक्षीच्या रूपावरून ते धन की ऋण तेही समजे. मात्र लाट किती मायक्रोसेकंदांत चढली आणि किती वेळात ओसरली, हे प्लेट सांगत नसे. त्यासाठी कॅथोड किरणांचा ऑसिलोग्राफ लागे. निर्वात नळीत इलेक्ट्रॉनचा झोत, आणि आतच ठेवलेल्या फिल्मवर तो आपली वाट आखणार, अशी ती रचना.

बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात तरुण डेनिस गाबोर यांनी आपल्या डॉक्टरेटसाठी असाच एक ऑसिलोग्राफ बांधला. त्यानंतर तिथल्याच उच्चदाब संस्थेत प्राध्यापक मात्थियास यांनी माक्स नोल यांच्या हाताखाली एक गट नेमला. काम ठरलेलं होतं: वीजकेंद्रांत आणि उघड्या वाहिन्यांवर उठणाऱ्या झपाट्याच्या लाटा टिपणारा चांगला ऑसिलोग्राफ बनवायचा. त्या गटात १९२८ साली एर्न्स्ट रुस्का नावाचा विद्यार्थी दाखल झाला. झोत बारीक ठेवायला चुंबकीय वेटोळं वापरतात. ते वेटोळं काचेच्या भिंगासारखं वागतं का, हे तपासता तपासता त्याने दोन वेटोळी एकामागे एक लावली. १९३१ मध्ये त्यातून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पहिला नमुना निघाला. विषाणू पाहण्याची सोय माणसाला झाली ती वाहिनीवरची वीज पाहण्याच्या खटपटीतून. रुस्कांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं. गाबोर यांना होलोग्राफीसाठी त्याआधीच, १९७१ मध्ये. या दोन्ही कहाण्या सांगताना वाहिन्यांचा उल्लेख सहसा गाळला जातो, आणि तो गाळला जाऊ नये.

अशा नोंदी जमत गेल्या तशी फोर्टेस्क्यूंची बाजू भक्कम झाली. जवळ पडलेल्या विजेने तारेवर जेवढं व्होल्टेज चढत होतं, तेवढ्याने मोठ्या वाहिनीची डिस्कमाळ ओलांडली जात नव्हती. ती ओलांडली जात होती म्हणजे लोळ थेट येत होता. मग आराखडेही बदलले. टॉवरच्या माथ्यावरून जाणारी अर्थवायर पूर्वीही काही ठिकाणी असे, पण ती प्रभावाचं व्होल्टेज थोडं उतरावं म्हणून. आता लोळ स्वतःच्या अंगावर घेणं हे तिचं काम ठरलं. त्यासाठी ती फेजच्या तारांच्या वर आणि पुरेशी बाहेर हवी, आणि दोन टॉवरांच्या मध्यावर त्यांच्यापासून चांगली लांब हवी.

आणि टॉवरचा पाय जमिनीत नीट मुरलेला हवा. हा भाग वरून दिसत नाही, म्हणून तो जरा जवळून पाहायला हवा. लोळ अर्थवायरवर पडला, टॉवरमधून खाली आला आणि मातीत शिरला. मातीचा विरोध १० ओहम असेल तर ३०,००० अँपिअरला पायाशी तीन लाख व्होल्ट चढतात; २२० केव्हीच्या डिस्कमाळेला ते सहज झेपतात. खडकाळ जागी तोच विरोध ५० ओहम असेल तर पंधरा लाख. मग सगळा टॉवरच तारेपेक्षा एवढा वर उचलला जातो की ठिणगी टॉवरकडून तारेकडे, उलटी उडते. लाइन ट्रिप होते, आणि अर्थवायरने आपलं काम चोख केलेलं असूनही होते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर उभ्या टॉवरांना ही अडचण पाचवीलाच पुजलेली. म्हणून पायाशी खड्डा खणून पाइप पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं; त्यानेही भागलं नाही तर टॉवरच्या पायांपासून जमिनीखालून दूरवर गॅल्वनाइज्ड तारा पसरायच्या. वाहिनीचं विजेपासून रक्षण करण्यात या खणाखणीचा वाटा मोठा आहे.

प्रवाह मोजायची एक स्वस्त युक्तीही त्याच काळात निघाली. पोलादाच्या लहान पट्ट्या टॉवरच्या पायांवर बसवून ठेवायच्या. वीज पडून प्रवाह खाली गेला की पट्टी चुंबकित होई. वादळ ओसरलं की माणसं टॉवरमागून टॉवर फिरून पट्ट्या गोळा करत आणि त्यांच्यातल्या उरलेल्या चुंबकत्वावरून प्रवाहाचा अंदाज बांधत. पण यातून फक्त शिखर कळे. चढ-उताराचा पूर्ण आलेख हवा तर कुणीतरी एका जागी वर्षानुवर्षं बसायला हवं होतं.

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल बर्गर तसे बसले. लुगानो सरोवराकाठी मोंते सान साल्वातोरे हा सुमारे ९०० मीटरचा डोंगर आहे. त्यावरच्या ७० मीटर उंच मनोऱ्यांवर १९४३ पासून पुढे जवळजवळ तीन दशकं त्यांनी पडलेली प्रत्येक वीज ऑसिलोग्राफवर टिपली. १९७५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जो गोषवारा दिला, त्यात ढगाकडून खाली आलेल्या ऋण विजांचे पहिले आघात होते १०१. त्यांतल्या निम्म्यांचा प्रवाह ३०,००० अँपिअरच्या वर, आणि शंभरातल्या पाचांचा ८०,०००च्या वर. त्याच वाटेने मागून येणाऱ्या आघातांचा मध्य १२,०००. जगभरच्या मार्गदर्शिकांत आणि पाठ्यपुस्तकांत आज जो ३० किलोअँपिअरचा आकडा भेटतो, त्याचं मूळ मुख्यतः या एका डोंगरावर आहे. तीस वर्षांची राखण आणि हाती अशा पहिल्या आघातांचे १०१ आलेख. या विषयातलं ज्ञान किती सावकाश जमतं, ते यावरून समजावं.

दरम्यान फोर्टेस्क्यूंच्या मार्गालाही ठेच लागली. १९५०च्या दशकात ओहायोच्या खोऱ्यात, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सरकारी कारखान्यासाठी, ३४५ केव्हीच्या नव्या वाहिन्या टाकल्या गेल्या. अर्थवायर होत्या, पायाही चांगले होते. तरीही विजेने त्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा ट्रिप होऊ लागल्या. आधीचे अंदाज कमी उंचीच्या टॉवरांवर बेतलेले होते. उंच टॉवरांवर लोळ अर्थवायरला चुकवून थेट फेजच्या तारेवर येत होते, आणि येत होते ते अशक्त लोळ. याचा उलगडा १९६०च्या दशकात व्हाइटहेड, आर्मस्ट्राँग आणि इतरांनी केला. प्रवाह जितका मोठा, तितक्या लांबून लोळ आपलं लक्ष्य निवडतो. ३०,००० अँपिअरचा लोळ सुमारे ९० मीटरवरून ठरवतो आणि अर्थवायर त्याला गाठते. ७,०००चा लोळ ३५ मीटरच्या आत येईपर्यंत कुठेच वळत नाही, आणि तोवर तो बाजूने आत घुसलेला असतो. सात हजारांचे निम्मे, गुणिले चारशे: चौदा लाख व्होल्ट. ३४५ केव्हीच्या वाहिनीला तेवढे पुरतात. म्हणून उंच वाहिन्यांच्या अर्थवायर आणखी बाहेर सरकल्या.

या सगळ्याचा एकत्र हिशेब हाताने करणं शक्य नव्हतं. इथे मदतीला आली ती पाण्याच्या नळांची विद्या. नळाची झडप एकदम मिटली की दाबाची लाट उलटी धावते, वरच्या टोकाला आपटून परत येते. लुई बर्जेरों या फ्रेंच अभियंत्याने त्या लाटा कागदावर रेघा ओढून सोडवायची रीत बसवली आणि तीच तारांनाही लावली. पाण्याच्या आघातापासून विजेच्या आघातापर्यंत, अशा अर्थाचं नाव त्यांच्या पुस्तकाला आहे. खोपोलीला हे दोन्ही प्रश्न एकाच आवारात नांदत होते: लोणावळ्याच्या बाजूने घाटावरून पाचशे मीटरहून अधिक खाली कोसळणारे पाण्याचे नळ, आणि तिथून निघून परळला जाणारी, १९१५ साली सुरू झालेली टाटांची सुमारे सत्तर किलोमीटरची वाहिनी. बर्जेरोंची रीत हर्मान डॉमेल यांनी संगणकावर चढवली. म्युनिकमध्ये सुरू केलेलं हे काम त्यांनी अमेरिकेत पोर्टलंडच्या बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये पुरं केलं. १९६९चा त्यांचा निबंध या क्षेत्राचा पायाच मानला जातो. त्यातून घडलेला ‘ईएमटीपी’ हा प्रोग्राम आणि त्याचे वंशज आज वीजयंत्रणेच्या अभ्यासात सर्वत्र चालतात.

आता उरला तो वाग्नर यांचा जुना प्रश्न. जवळ पडलेली वीज मोठ्या वाहिनीचं काही बिघडवत नाही हे सिद्ध झालं, तसं ते संशोधन मागे पडलं. पण वीज गावोगाव पोहोचली ती ११ केव्हीच्या तारांवरून. त्या बुटक्या असतात, आजूबाजूला झाडं-घरं असतात, म्हणून थेट लोळ त्यांच्यावर क्वचित येतो. आसपास मात्र सतत पडत राहतो. १९५८ मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सुने रुस्क यांनी नेमका हा विषय घेतला. अडकलेला प्रभार मोकळा होतो ही जुनी कल्पना त्यांनी बाजूला ठेवली आणि जमिनीवरून वर चढत जाणाऱ्या प्रवाहाचं विद्युतचुंबकीय क्षेत्र तारेवर काय करतं, ते काढलं. त्यांच्या सूत्राचा गाभा फार सुटसुटीत आहे. तीसला प्रवाहाने आणि तारेच्या उंचीने गुणायचं, आणि वीज पडली त्या अंतराने भागायचं. प्रवाह ३०,००० अँपिअर, तार ८ मीटर उंच, वीज १०० मीटरवर: ७२,००० व्होल्ट. प्रवाह वर चढण्याच्या वेगामुळे त्यात आणखी थोडी भर पडते. भारतात ११ केव्हीच्या उपकरणांची रूढ आवेग-पातळी, म्हणजे असा क्षणिक झटका सोसण्याची मर्यादा, आहे ७५,००० व्होल्ट. म्हणजे शेजारच्या बांधावर वीज पडली तरी डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर काठावर येतो.

रुस्क यांनी जमीन उत्तम वाहक धरली होती. खरी जमीन तशी नसते. ती वीज वाहून न्यायला जितकी नाखूश, तितकं तारेवरचं व्होल्टेज बरेचदा वाढतं. हे नीट सामावून घेणारी समीकरणं १९८० मध्ये अशोक अग्रवाल, हॅरॉल्ड प्राइस आणि श्याम गुरबक्षाणी यांनी मांडली. त्यांचा मूळ संदर्भ अणुस्फोटाच्या विद्युतचुंबकीय झटक्याच्या अभ्यासाचा होता. विजेच्या अभ्यासकांनी ती उचलली. बोलोन्याचे नुच्ची आणि लोझानचे रशिदी यांनी त्यावर संगणकी प्रोग्राम रचले. पडताळा पाहायला फ्लोरिडाच्या कॅम्प ब्लँडिंगमध्ये १९९३ पासून खऱ्या विजा मुद्दाम पाडल्या गेल्या: बारीक तार मागे सोडत जाणारा छोटा अग्निबाण ढगाखाली उडवायचा, आणि शेजारी उभारलेल्या वाहिनीवर काय चढतं ते मोजायचं. गणित आणि मोजमाप एकाच जागी, एकाच विजेवर ताडून पाहता आलं.

तारेवर चढणाऱ्या व्होल्टेजचं गणित आता बरंच भरवशाचं झालं आहे. त्यात घालायचा प्रवाह मात्र अजून मुख्यतः लुगानोच्या डोंगरावरून येतो. ब्राझीलमध्ये बेलो ऑरिझोंतीजवळच्या मोरो दो काशिंबो या टेकडीवर १९८५ पासून ६० मीटरच्या मनोऱ्यावर मोजणी चालू आहे. तिथे पहिल्या आघाताचा मध्य ४५,००० अँपिअर निघाला. तो प्रदेश उष्ण कटिबंधातला, महाराष्ट्रासारखाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने वीज कुठे आणि केव्हा पडली ते टिपणारं संवेदकांचं जाळं उभारलं आहे, ‘दामिनी’ अ‍ॅपमधून त्याचे इशारे गावापर्यंत जातात. पण अशी जाळी रेडिओ लहरी ऐकतात, त्यांच्याकडून प्रवाहाचा येतो तो अंदाज. थेट मोजणीसाठी मनोरा, त्यावर प्रवाह मोजणारं उपकरण आणि पुष्कळ पावसाळे लागतात. रुस्क यांच्या सूत्रात ३०,०००च्या जागी ब्राझीलचे ४५,००० घातले, आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर बांधावर पडलेल्या विजेने त्या ११ केव्हीच्या तारेवर १,०८,००० व्होल्ट चढतात.